पेट्रोलचे डबे, लेवान्ते वारा आणि एक पोरगा

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे. या अंकाचा विषय: ‘एल निन्यो’

दांडिया बाजारातल्या सभागृहात मागच्या महिन्यात दानिएल मोन्झोन यांचा ‘एल निन्यो’ (२०१४) दाखवला गेला आणि त्यानंतर आलेल्या पत्रांनी टेबल भरलं. चित्रपट ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीत एल निन्यो आणि एल कोंपी ही दोन पोरं मोरोक्कोतून चरस आणायच्या धंद्यात उतरतात. खेसूस आणि एव्हा हे दोन पोलीस वेगळ्याच मागावर आहेत. चरसाच्या याच वाटेने कोकेनही युरोपात शिरतं हे त्यांना सिद्ध करायचं आहे आणि जिब्राल्टरमध्ये बसून सूत्रं हलवणारा ‘इंग्रज’ त्यांना हवा आहे. प्रश्न बरेच आले. एकाच प्रकारचे एकत्र केले आहेत.

प्रश्न (कारेलीबाग): नाव ऐकून घरचे म्हणाले, हा पावसावरचा माहितीपट असणार. ‘एल निनो’ आला की आपल्याकडे पाऊस दगा देतो, तोच शब्द इथे कसा?

शब्द तोच आहे. स्पॅनिशमध्ये ‘निन्यो’ म्हणजे लहान मुलगा, पोरगा. पेरूच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांना नाताळच्या सुमारास समुद्राचं पाणी कोमट झालेलं जाणवायचं, म्हणून त्यांनी त्या प्रवाहाला बाळ येशूचं नाव दिलं. पुढे हवामानखात्यांनी ते उचललं. चित्रपटात ते नायकाचं टोपणनाव आहे. आपल्याकडे गल्लीत एखाद्याला ‘छोटू’ म्हणतात आणि तो तिशीला आला तरी छोटूच राहतो, तसं. ‘कोंपी’ म्हणजे भिडू.

उच्चारांचंही इथेच उरकून घेऊ, कारण चार पत्रांत तीच अडचण होती. स्पॅनिशमधला ‘जे’ हा आपल्या ‘ख’च्या जवळचा आहे, म्हणून पोलिसाचं नाव जिझस नसून खेसूस. ज्या बंदराभोवती सगळं घडतं ते आल्खेसिरास. त्याच्या शेजारचं गाव ला लिनेआ. मोरोक्कोच्या बाजूला सेउता हे स्पेनच्याच ताब्यातलं शहर आहे. जिब्राल्टर हा शब्द मात्र मुळात अरबी, ‘जबल तारिक’, म्हणजे तारिकचा डोंगर.

प्रश्न (मकरपुरा जीआयडीसी): मी इंजिनांच्या दुरुस्तीत आहे. त्या रबरी नावेला मागे ओळीने इंजिनं लावलेली दिसतात. एकच मोठं का नाही? आणि एवढ्या वेगात नेमकं बिघडतं काय?

प्रश्न नेमका आहे, तेव्हा उत्तरही जरा लांब देऊ.

स्पॅनिश किनाऱ्यावर या नावेला नुसतं ‘गोमा’ म्हणतात, म्हणजे रबर. तळ कडक फायबरचा, खोल इंग्रजी व्ही आकाराचा, आणि कडेने हवा भरलेल्या नळ्या. मोठ्या गोमा बारा ते चौदा मीटर लांब असतात आणि मागच्या फळीवर ३०० ते ३५० हॉर्सपॉवरची तीन किंवा चार आऊटबोर्ड इंजिनं बसवतात. आपल्या खंबातच्या आखातातल्या छोट्या होडीला दहाएक हॉर्सपॉवर पुरते, त्यावरून अंदाज करा. एकच मोठं इंजिन न बसवण्याचं पहिलं कारण साधं आहे: एक बंद पडलं तर उरलेली ओढून नेतात. दुसरं असं की आऊटबोर्ड सगळंच्या सगळं फळीबाहेर लटकतं. नावेच्या पोटात जागा अडत नाही, आणि खराब झालेलं इंजिन सोडवून दुसरं टांगता येतं. नावेच्या आतल्या डिझेल इंजिनाला ही सोय नाही.

आता पेट्रोल. ३०० हॉर्सपॉवरचं आऊटबोर्ड पूर्ण थ्रॉटलला तासाला शंभरेक लिटर पितं. तीन इंजिनं म्हणजे तीनशे लिटर. हजार लिटर घेऊन निघालात तर पूर्ण वेगात तीन तास आणि वर थोडं. या हजार लिटरचं वजन ७४० किलोच्या आसपास. त्यात इंजिनांचे सातशे-साडेसातशे किलो, चार माणसं आणि दोन टन माल मिळवा. चरसाचा एक गठ्ठा साधारण ३० किलोचा असतो, गोणपाटात आणि प्लॅस्टिकमध्ये बांधलेला, उचलायला दोरी लावलेला. दोन टन म्हणजे असे साठ-सत्तर गठ्ठे. पडद्यावर नाव पाण्यावरून उडत जाते ती बहुतेक वेळा रिकामी असते. भरलेली नाव जड चालते, वळताना रुंद वळते, आणि लाटेच्या माथ्यावरून खाली आपटली की तळाला आणि माणसांच्या कण्याला सारखाच मार बसतो.

बिघाडांचं म्हणाल तर तुमच्या ओळखीचे बरेच आहेत. नाव लाटेवरून उसळली की पंखा पाण्याबाहेर येतो किंवा वरून हवा ओढतो. भार गेल्याबरोबर इंजिनाचे फेरे एकदम वर चढतात, फेऱ्यांना आवर घालणारा लिमिटर इग्निशन तोडतो, आणि पंखा पुन्हा पाण्यात शिरताना धक्का थेट गिअर आणि शाफ्टवर येतो. हे वारंवार झालं की पंख्याच्या मधल्या रबरी बुशाची पकड सुटते. मग इंजिन किंचाळतं आणि नाव जागची हलत नाही. (याला पुष्कळ जण कॅव्हिटेशन म्हणतात, पण तो प्रकार वेगळा. त्यात पंख्याच्या पात्यावर दाब इतका उतरतो की पाण्याचीच वाफ होऊन बुडबुडे फुटतात आणि पात्याला खड्डे पडतात.)

दुसरा बिघाड म्हणजे पेट्रोलमध्ये पाणी. हलत्या नावेत पंचवीस लिटरच्या डब्यांतून टाकीत ओतताना लाटेचं पाणी आत जातंच. पाणी जड असल्यामुळे ते तळाशी बसतं आणि पंपाची नळीही तळातूनच ओढते. पाणी वेगळं करणारा फिल्टर भरला की इंजिन खोकायला लागतं. तिसरा बिघाड सर्वांत क्षुल्लक आणि सर्वांत नेहमीचा: थंड पाणी ओढणाऱ्या जाळीवर प्लॅस्टिकची पिशवी किंवा शेवाळ अडकतं. तापमानाची घंटा वाजते, इंजिन स्वतःला वाचवायला फेरे खाली आणतं, आणि ९५ किलोमीटरच्या वेगाची नाव रिक्षाच्या वेगावर येते.

त्या डब्यांबद्दल आणखी थोडं, कारण चित्रपट बनल्यानंतर चित्र इथेच बदललं आहे. स्पेनने २६ ऑक्टोबर २०१८ला अध्यादेश काढून अतिवेगवान रबरी नावाच बेकायदा ठरवल्या. आठ मीटरपेक्षा लांब असेल ती, आणि आठ मीटरपर्यंतची असली तरी इंजिनांची एकूण शक्ती १५० किलोवॉट किंवा जास्त असेल ती, परवानगी नसताना बाळगणं म्हणजे तस्करीचा माल बाळगणं. त्यामुळे नाव बंदरात किंवा गॅरेजात ठेवायची सोय संपली. मग या नावा दिवसचे दिवस समुद्रातच उभ्या राहू लागल्या, आणि त्यांना पेट्रोल, जेवण, सिगारेट पोचवणाऱ्यांचा एक नवा धंदा उभा राहिला. त्यांना ‘पेताकेरो’ म्हणतात, पेट्रोलच्या डब्याला बोलीत ‘पेताका’ म्हणतात त्यावरून. ९ फेब्रुवारी २०२४ला बार्बातेच्या बंदरात जे घडलं त्याचंही मूळ इथे आहे. वादळात समुद्रात थांबता येईना म्हणून या नावा बंदरात शिरल्या, त्यांना हाकलायला सिव्हिल गार्ड या स्पेनच्या पोलीस दलाचे जवान एका छोट्या नावेतून गेले, आणि गोमाने त्यांच्या नावेवरून धाव घेतली. दोन जवान ठार झाले.

म्हणून चित्रपट पाहताना वेगापेक्षा किनाऱ्यावर लक्ष ठेवा. नाव पंधरा-वीस मिनिटं धावते. त्याच्या आधी आणि नंतर तासन्‌तास माणसं लागतात: टेहळणी करणारे, गठ्ठे खांद्यावर वाहणारे, गाडी चालवणारे, माल ठेवायला गोदाम देणारे. धंद्याचा पैसा वाटला जातो तो या साखळीत, आणि पोलिसांच्या हाताला पहिली लागतात तीही याच साखळीतली माणसं. आमच्या मते पटकथेचा कस इथेच लागतो. दोन पोरांना नाव चालवता येते, पण किनारा त्यांचा नाही.

प्रश्न (वाघोडिया रोड): सामुद्रधुनी जर चौदाच किलोमीटर रुंद, तर रडारवर सगळं दिसायला हवं. मग पकडत का नाहीत?

सर्वांत अरुंद जागी चौदाच्या आसपास, बरोबर. म्हणजे बडोद्याहून पोर जितकं, साधारण तितकंच. ५० नॉट म्हणजे ताशी साडेब्याण्णव किलोमीटर, त्या हिशेबाने नऊ मिनिटं. पण हा कागदावरचा हिशेब.

त्या पाण्यात दोन वारे राज्य करतात, पूर्वेचा लेवान्ते आणि पश्चिमेचा पोनिएन्ते. अटलांटिकचं पाणी वरच्या थरातून सतत भूमध्य समुद्रात, म्हणजे पूर्वेकडे वाहत असतं (खारट जड पाणी खालून उलट बाहेर येतं). लेवान्ते सुटला की वारा पूर्वेकडून आणि प्रवाह पश्चिमेकडून, दोघं समोरासमोर येतात. अशा वेळी लाटा आखूड आणि उभ्या होतात. एक संपायच्या आत दुसरी. त्यावर लहान नाव जोरात हाकणं म्हणजे सलग स्पीडब्रेकरवरून स्कूटर नेणं. रडारलाही त्याच लाटांचा पसारा दिसतो आणि रबर-फायबरची बसकी नाव त्यात हरवते. म्हणून सिव्हिल गार्डने किनाऱ्यावर रडारला उष्णता टिपणारे कॅमेरे जोडले. ‘सिवे’ नावाची ही मनोऱ्यांची साखळी २००२मध्ये आल्खेसिरासपासूनच सुरू झाली. इंजिनं तापलेली असतात, ती कॅमेऱ्यात ठळक उमटतात.

दिसणं आणि अडवणं यात मात्र अंतर आहे. पोलिसांची नाव बंदरातून निघून पोचेपर्यंत वाळूवर गठ्ठे उतरवून झालेले असतात.

प्रश्न (फतेगंज, विधी शाखेची विद्यार्थिनी): पाठलाग अचानक सोडून देतात ते प्रसंग मला अर्धवट वाटले. एवढं जवळ येऊन परत का फिरतात? आणि ती मुलं शिक्षेला इतकी कशी भीत नाहीत?

समुद्री कायद्यात किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत देशाची हुकमत, २४पर्यंत जकात वगैरेंसाठी मर्यादित अधिकार, त्यापुढे २०० मैलांपर्यंत फक्त आर्थिक हक्क. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा. आता चौदा किलोमीटर रुंदीत दोन देशांचे बारा-बारा मैल बसवून पाहा, बसतच नाहीत. म्हणून तिथे समुद्राच्या मधोमध रेषा समजायची. सागरी कायद्याच्या कराराचं कलम १११ म्हणतं की आपल्या पाण्यात सुरू केलेला पाठलाग न तोडता बाहेर चालू ठेवता येतो, पण पळणारी नाव तिच्या स्वतःच्या किंवा तिसऱ्या देशाच्या प्रादेशिक पाण्यात शिरली की तो हक्क संपतो. मोरोक्कोकडे तोंड वळवलेल्या नावेला नेमकं हेच हवं असतं.

जिब्राल्टरचा गुंता याहून जुना. १७१३च्या उट्रेख्ट तहाने तो डोंगर ब्रिटनकडे गेला. ब्रिटनच्या मते त्याभोवती तीन मैल पाणी त्यांचं. स्पेनच्या मते तहात बंदर आणि गाव दिलं, समुद्र दिलेला नाही. खलनायकाला तिथे बसवण्यात मोन्झोन यांनी हा वाद वापरला आहे, पण समजावून सांगितलेला नाही. स्पॅनिश प्रेक्षकाला सांगायची गरज नसते. हुकूमशहा फ्रँकोने १९६९ला जिब्राल्टरच्या सीमेवरचं ला लिनेआचं फाटक बंद केलं ते पादचाऱ्यांसाठी १९८२ला आणि पूर्ण १९८५ला उघडलं, हे तिथल्या प्रत्येक घराला माहीत आहे.

शिक्षेचं म्हणाल तर स्पॅनिश दंडसंहिता अमली पदार्थांचे दोन गट करते. आरोग्याला गंभीर हानी करणारे, म्हणजे कोकेन-हेरॉइन, त्यांना कलम ३६८खाली तीन ते सहा वर्षं. चरस-गांजा दुसऱ्या गटात, एक ते तीन वर्षं. माल ‘लक्षणीय’ असेल तर शिक्षा वाढते आणि चरसासाठी ती मर्यादा अडीच किलो आहे, म्हणजे एक गठ्ठाच तिच्या बारापट. मुद्दाम त्यासाठीच नाव वापरली तर कलम ३७० आणखी वर नेतं. तरीही आपल्या एनडीपीएस कायद्याशी (१९८५) ताडून पाहा. आपल्याकडे चरसाचं व्यापारी प्रमाण एक किलो, आणि त्यापासून पुढे किमान दहा, कमाल वीस वर्षं, शिवाय एक ते दोन लाख दंड. व्यापारी प्रमाण ओलांडल्यावर चरस की हेरॉइन याने शिक्षेच्या या पट्ट्यात फरक पडत नाही. तुमच्या परीक्षेत तुलना विचारली तर हा फरक आधी लिहा. चित्रपटातली पोरं चरसाला ‘हलका’ माल समजतात ते नुसतं तरुण रक्त नव्हे, कायद्यातच ती उतरंड आहे. पोलिसांना त्याच वाटेवर कोकेन दाखवायची घाई का, तेही यातून उलगडतं.

प्रश्न (मांजलपूर): हेलिकॉप्टर नावेच्या डोक्याला टेकेल इतकं खाली येतं. हे संगणकाचं काम का?

स्पॅनिश जकात खात्याची सागरी शाखा, ‘विखिलान्सिया आदुआनेरा’, प्रत्यक्षात असंच उडते. नावेवर गोळी झाडायची नाही, मग अडवायचं कसं? हेलिकॉप्टर अगदी खाली आणून पंख्याच्या वाऱ्याने नावाड्याला त्रास द्यायचा, पाण्याचा फवारा त्याच्या डोळ्यांत उडवायचा, दिवा तोंडावर धरायचा. पेट्रोल संपेपर्यंत किंवा धीर सुटेपर्यंत. या खात्याकडे बीओ-१०५ जातीची हेलिकॉप्टरं होती. त्यांच्या मुख्य पंख्याचा व्यास ९.८४ मीटर. पंख्याच्या व्यासाइतक्या किंवा कमी उंचीवर पृष्ठभागाचा आधार मिळतो आणि कमी शक्तीत तरंगता येतं, पण पाणी काही जमिनीसारखं स्थिर नाही. रात्री क्षितिज दिसत नाही, फवाऱ्याने काच धुकटते, समोरची नाव हाच एक आधार, आणि तोच आधार ताशी नव्वदने नागमोडी पळतो. वैमानिकाला आपण खाली जातोय हे कळायला उशीर होतो. खारं पाणी इंजिनाच्या कॉम्प्रेसरमध्ये जातं, म्हणून उतरल्यावर ते गोड्या पाण्याने धुवावंच लागतं. ११ जुलै २०२१ला सोतोग्रांदेजवळ अशाच पाठलागात या शाखेचं हेलिकॉप्टर समुद्रात पडलं आणि एक अधिकारी मरण पावला.

चित्रपटाला स्पेनच्या २०१५च्या गोया चित्रपट-पुरस्कारांत चार पुरस्कार मिळाले: ध्वनी, विशेष परिणाम, निर्मिती-व्यवस्था आणि गीत. नामांकनं सोळा होती. दिग्दर्शन-अभिनयाकडे पाठ आणि तंत्राला हारतुरे, असं काहींना खटकलं. आम्हाला तो निवाडा रास्त वाटतो. प्रेमाचा धागा, म्हणजे एल निन्यो आणि अमिनाचा, चित्रपटाला संथ करतो. पाठलाग त्याला पुन्हा उचलतात. खेसूस झालेला लुईस तोसार मात्र डोळ्यांनीच थकवा दाखवतो. याच दिग्दर्शकाच्या ‘सेल्दा २११’मध्ये (२००९) त्याने साकारलेला कैदी ज्यांनी पाहिला, त्यांना हा माणूस तोच आहे यावर विश्वास बसणार नाही.

प्रश्न (अलकापुरी): गुजरातच्या समुद्रातही माल सापडल्याच्या बातम्या येतात. इथे अशा नावा का दिसत नाहीत?

अंतर. तिकडे समोरचा किनारा डोळ्यांना दिसतो. आपल्याकडे माल मकरानच्या बाजूने, इराण-पाकिस्तानकडून येतो, आणि एवढ्या पल्ल्याला तीनशे लिटर तासाला पिणारी नाव परवडणार कशी? म्हणून मासेमारीची वहाणं येतात: डिझेल इंजिन, मोठी टाकी, बर्फाचा साठा, आठवडे काढायची सोय. भर समुद्रात एका वहाणातून दुसऱ्यात माल द्यायचा आणि दुसरं वहाण मासे घेऊन आल्यासारखं किनाऱ्याला लागायचं. फेब्रुवारी २०२४मध्ये नौदल, एनसीबी आणि गुजरात एटीएसने असंच एक वहाण अडवलं. त्यात ३०८९ किलो चरस, १५८ किलो मेथाम्फेटामिन आणि २५ किलो मॉर्फिन होतं, आणि पाच परदेशी खलाशी.

दुसरं कारण भरती-ओहोटी. जिब्राल्टरला पाणी मीटरभर चढतं-उतरतं. भावनगरच्या बाजूला तोच फरक दहा मीटरच्या घरात जातो, आणि ओहोटीला मैलभर चिखल उघडा पडतो. तिथे वेळ चुकली की नाव सहा तास गाळात बसून राहते, मग इंजिन कितीही हॉर्सपॉवरचं असो.

आणि मोठा माल नावेने येतच नाही, तो कंटेनरने येतो. सप्टेंबर २०२१ला मुंद्र्यात दोन कंटेनरमध्ये संगजिऱ्याच्या नावाखाली २९८८ किलो हेरॉइन सापडलं, अफगाणिस्तानातून बंदर अब्बासमार्गे आलेलं. आल्खेसिरासमध्येही तेच. तिथे वर्षाला ४५ लाखांहून जास्त कंटेनर-एकक हाताळले जातात. सगळे उघडून पाहायचे ठरवले तर बंदर आठवड्यात बंद पडेल. २०२४मध्ये इक्वेडोरमधल्या ग्वायाकिलहून आलेल्या केळ्यांच्या कंटेनरमध्ये तिथे तेरा टन कोकेन निघालं. केळीच का? थंड कंटेनर नाशवंत मालाचा, तो अडवून ठेवला तर नुकसान, म्हणून तो लवकर सोडायचा दबाव असतो. निष्पाप व्यापाऱ्याच्या कंटेनरमध्ये दाराजवळ पिशव्या टाकून, बंदरात सील तोडून त्या काढून घेऊन वर बनावट सील लावण्याची एक युक्तीही आहे. मालकाला पत्ताही नसतो. म्हणून तपासनीस सीलचा क्रमांक कागदाशी ताडून पाहतात आणि दाराचे बिजागरे, रिव्हेट नवे वाटतात का ते बघतात.

प्रश्न (रावपुरा): पाणबुडीतून कोकेन आणल्याचं वाचलं. खरं की गप्पा?

खरं. नोव्हेंबर २०१९मध्ये गॅलिसियात, स्पेनच्या वायव्य टोकाला, आल्दानच्या खाडीत एक सापडली. तीन टन कोकेन, तीन माणसं, ब्राझीलच्या ॲमेझॉनमधून निघून अटलांटिक ओलांडून आलेली. पाणबुडी म्हणण्यापेक्षा पाण्याखाली दडलेली होडी म्हणा: फायबरचा सांगाडा, वर फक्त छोटी घुमटी आणि धुराच्या नळ्या. ती खोल बुडी मारत नाही. डिझेलच्या धुरात, शौचालयाशिवाय, सत्तावीस दिवस. गॅलिसियाचा किनारा खाड्यांनी फाटलेला आहे आणि तिथे ही विद्या आधी सिगारेटच्या चोरट्या धंद्यात शिकली गेली, मग कोकेन आलं. १९९०च्या जूनमध्ये न्यायाधीश बाल्तासार गार्थोन यांनी तिथल्या टोळ्यांवर ‘नेकोरा’ ही मोठी कारवाई केली. आल्खेसिरासची गोष्ट चरसाची आणि गॅलिसियाची कोकेनची, ही ढोबळ वाटणी लक्षात ठेवलीत तर स्पॅनिश गुन्हेपट पाहताना गोंधळ होणार नाही.

प्रश्न (प्रतापनगर, सोसायटीतला चित्रपट-गट): आमच्या फायलीला सबटायटल सुरुवातीला जुळतात, मध्यंतरापर्यंत दोन-तीन मिनिटं मागे पडतात. मागे-पुढे करून थकलो.

मागे-पुढे करून जुळणार नाही, कारण चूक वेगाची आहे. युरोपातल्या डीव्हीडीवर चित्रपट सेकंदाला २५ चौकटींनी धावतो, तुमची सबटायटल २३.९७६ चौकटींच्या प्रतीसाठी केलेली आहेत. फरक चार टक्क्यांहून थोडा जास्त. तासाभरात अडीच मिनिटं होतात, अगदी तुम्ही लिहिता तसं. याच फरकामुळे एकच चित्रपट एका ठिकाणी १३६ मिनिटांचा आणि दुसरीकडे १३० मिनिटांचा नोंदलेला दिसतो. कापलेला नसतो.

‘सबटायटल एडिट’ हे फुकट सॉफ्टवेअर घ्या. फाइल उघडून सिंक्रोनायझेशनमध्ये ‘चेंज फ्रेम रेट’ निवडा, २३.९७६ वरून २५ करा, यूटीएफ-८ मध्ये साठवा. यूटीएफ-८ विसरलात आणि मराठी अनुवाद घातला असेल तर पडद्यावर प्रश्नचिन्हांची माळ दिसेल. पहिला आणि शेवटचा संवाद तपासा. दोन्ही जुळले तर मधलं जुळतंच. उरलेला सेकंद-अर्धा सेकंद व्हीएलसीमध्ये जी आणि एच या कळांनी सरकवता येतो.

आवाजाची तक्रारही तुमच्याच पत्रात आहे: इंजिनं कानठळ्या बसवतात, संवाद ऐकू येत नाहीत. सहा वाहिन्यांचा ध्वनी दोन स्पीकरांत कोंबला की मधल्या वाहिनीतले संवाद दबतात. प्लेअरमध्ये ‘डायनॅमिक रेंज’ कमी करणारा कॉम्प्रेसर सुरू करा, आणि ॲम्प्लिफायरला मधल्या वाहिनीचा वेगळा खटका असेल तर तो तीन-चार डेसिबल वर घ्या. बास वाढवू नका.

प्रश्न (वारसिया): बारावीतला नातू बघायचं म्हणतो. दाखवावा?

दाखवा काकू, आणि शेजारी बसा. मारहाण आहे, रक्ताचा अतिरेक नाही. पोरांनी पहिल्या खेपेचे पैसे उधळल्यानंतर पुढे काय होतं ते त्याने मोबाइल न बघता पाहिलं पाहिजे, एवढीच अट घाला.

प्रश्न (दांडिया बाजार): चित्रपटातलं ते घशातून आल्यासारखं गाणं कुणाचं?

‘निन्यो सिन मिएदो’, म्हणजे ‘न भिणारा पोरगा’. गायिकेचं नाव इंदिया मार्तिनेस, गाव कोर्दोबा, गायकी फ्लामेंको या स्पॅनिश लोकसंगीताच्या घराण्यातली. गीताचा गोया यालाच मिळाला. आणि हो, ‘इंदिया’ म्हणजे इंडियाच. ते तिचं रंगमंचावरचं नाव आहे.